एमडींचा बंगला, गाडी आणि कंपनीनं भरलेला कर : पर्क्सची नोंद चुकते कुठे?

वेर्ण्याला, कुंडईला किंवा पणजीत एखाद्या कंपनीच्या पगार विभागात किंवा सेक्रेटेरियल टेबलावर नव्यानं बसलात की पहिल्या एप्रिल-मेमध्ये हे काम अंगावर येतं. एमडींना (व्यवस्थापकीय संचालकांना) आणि पूर्णवेळ संचालकांना पगाराशिवाय कोणत्या सवलती, म्हणजे पर्क्स, मिळाल्या ते शोधायचं, त्याची किंमत लावायची, त्यावरचा कर कोणी भरला ते पाहायचं आणि हे सगळं फॉर्म १६, बारा बीए (पर्क्सच्या तपशिलाचा आयकराचा फॉर्म), बोर्डाचा अहवाल आणि ताळेबंदाच्या टिपा यांत बसवायचं. लबाडीमुळे इथे चुका होतात त्या थोड्याच. एका सवलतीची किंमत एकच असते, असं गृहीत धरल्यानं त्याहून कितीतरी जास्त होतात.

तीच सवलत आयकराला एका आकड्यानं मोजली जाते आणि लेखापुस्तकांत दुसऱ्या आकड्यानं. कंपनी कायद्याच्या मोबदल्याच्या मर्यादेसाठी कोणता आकडा धरायचा, हे नेमणुकीच्या ठरावाच्या शब्दांवर ठरतं. तिन्ही बरोबर असू शकतात. एकाच्या जागी दुसरा लिहिला की चूक होते. म्हणून सुरुवातीलाच एक पर्क-रजिस्टर उघडा. साधं एक्सेल चालेल, पण रकाने हे हवेत : सवलत, कोणाला, कोणत्या तारखांना, बिल कोणाच्या नावावर, कंपनीचा प्रत्यक्ष खर्च, वसूल केलेली रक्कम, आयकर नियमाप्रमाणे मूल्य, नियम कोणता, कर कोणी भरला, आणि ठरावात परवानगी कुठे आहे.

खाली दिलेली आयकराची कलमं आणि रकमा आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या आहेत, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातल्या. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे व फॉर्मचे क्रमांक आणि रकमा नव्या कायद्यातून आणि नियमांतून घ्या. ‘नियम कोणता’ हा रकाना त्याचसाठी आहे.

पायरी १ : पगारपत्रकात शोधू नका

पर्क्स पगारपत्रकात सापडत नाहीत. जे पगारातून जातं ते सॉफ्टवेअर आपोआप पकडतं. निसटतं ते ‘दुरुस्ती व देखभाल’, ‘प्रवास खर्च’, ‘व्यवसाय प्रोत्साहन’, ‘गेस्ट हाऊस खर्च’ आणि ‘सभासद वर्गणी’ या खात्यांतलं. या पाच लेजरांची वर्षभराची छापील प्रत काढा आणि एकेक ओळ वाचा. दोन दिवस जातात, पण दुसरा मार्ग नाही.

वीजबिलाचं व्हाउचर कसं वाचायचं ते पाहा. दोना पावलाच्या एका बंगल्याचं बिल आहे, वीज खात्याचं. नोंद ‘कार्यालयीन वीज’ म्हणून झाली आहे. पहिला प्रश्न : पत्ता कोणाचा? बंगल्याचा असेल तर ती एमडींची सवलत झाली. दुसरा प्रश्न : ग्राहक कोण? जोडणी कंपनीच्या नावावर असेल तर ती वस्तुरूप सवलत. जोडणी एमडींच्या नावावर असून कंपनीनं पैसे भरले असतील, तर कंपनीनं एमडींचं देणं फेडलं, म्हणजे रोख स्वरूपाचा लाभ. फरक बारीक वाटतो, पण कर कोण भरू शकतं हे त्यावरच ठरतं. ते पायरी ३ मध्ये येईल.

गाडीचं लॉगबुकही असंच उघडून पाहा. ‘मोपा विमानतळ, ग्राहकाला आणणे’, ‘पर्वरी, सचिवालय’ अशा नोंदींत मध्येच रविवारची ‘मंगेशी’ किंवा चवथीच्या आठवड्यातली ‘काणकोण, ४ दिवस’ दिसते. गाडी संपूर्णपणे कामासाठीच वापरली, असं म्हणायचं असेल तर प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च, शिवाय कंपनीचा दाखला लागतो. लॉगबुक मार्चअखेरीला एका बैठकीत, एकाच शाईनं भरलेलं असेल तर त्यावर विसंबून शून्य मूल्य लावू नका.

हॉटेल व्यवसायात आणखी एक जागा आहे : स्वतःच्याच हॉटेलची ‘कॉम्प्लिमेंटरी’ बिलं. संचालकांच्या कुटुंबानं कांदोळीच्या आपल्याच रिसॉर्टमध्ये चार रात्री काढल्या, बिल शून्य, लेजरमध्ये नोंदच नाही. आयकर नियमांतला नियम ३(७) मात्र म्हणतो, की मालकानं चालवलेली सुट्टीची सोय सगळ्या कर्मचाऱ्यांना सारखी उपलब्ध नसेल, तर बाहेरच्या संस्था लोकांना ती ज्या भावानं देतात ते तिचं मूल्य. खोली रिकामीच होती, चादर धुण्याइतकाच खर्च आला, हा युक्तिवाद इथे चालत नाही. त्यामुळे फ्रंट ऑफिसकडून शून्य रकमेच्या बिलांची वेगळी यादी मागवा. लेजरमध्ये ही बिलं कधीच येत नाहीत.

पायरी २ : किंमत लावणे

घरापासून सुरू करा, कारण मोठी रक्कम तिथेच असते. कंपनीच्या मालकीचं घर असेल तर १ सप्टेंबर २०२३ पासून दर असे : २०११ च्या जनगणनेनुसार ४० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात पगाराच्या १० टक्के, १५ ते ४० लाखांच्या शहरात ७.५ टक्के, इतरत्र ५ टक्के. त्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. म्हणजे पणजी असो, मडगाव असो की वास्को, दर ५ टक्केच. मुख्य कार्यालय मुंबईत असलं आणि पगाराचं सॉफ्टवेअर तिथूनच चालत असलं की गोव्यातल्या घराला १० टक्के लागलेले दिसतात. मास्टरमध्ये कर्मचाऱ्याच्या घराचं ठिकाण घातलंय की कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचं, ते तपासा.

दुसरी चूक ‘पगार’ या शब्दात आहे. इथे पगार म्हणजे नुसता बेसिक नव्हे. बोनस, कमिशन, करपात्र भत्ते सगळे धरायचे. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा, करमुक्त भत्ते आणि पर्क्सचं मूल्य धरायचं नाही.

आकड्यांत बघू. बेसिक ३६ लाख, करपात्र भत्ते १२ लाख, कमिशन १२ लाख : पगार ६० लाख. कंपनीच्या मालकीचा बंगला, पहिलंच वर्ष : ५ टक्क्यांनी ३,००,००० रुपये. नुसत्या बेसिकवर काढलं तर १,८०,००० येतात आणि मुंबईचा दर लावला तर ६,००,०००. दोन्ही चूक. फर्निचर १५ लाखांचं असेल तर दरसाल १० टक्के, म्हणजे आणखी १,५०,०००. एसी, फ्रिज, टीव्हीसुद्धा फर्निचरमध्येच मोडतात. त्याच घरात दुसऱ्या वर्षीही राहणं असेल तर मूल्य पहिल्या वर्षाच्या आकड्यापेक्षा आयकराच्या खर्च-महागाई निर्देशांकाच्या (सीआयआय) प्रमाणातच वाढू शकतं, म्हणून पहिल्या वर्षाचा हिशोब जपून ठेवा.

घर भाड्याचं असेल तर प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यांतलं जे कमी ते. मिरामारला महिना १,२०,००० रुपयांचा फ्लॅट : वर्षाचं भाडं १४,४०,०००. वरच्याच पगारावर १० टक्के होतात ६,००,०००. आयकराचं मूल्य ६ लाख, लेखापुस्तकांतला खर्च १४.४ लाख. बारा बीएमध्ये ६ लाख बरोबर. ताळेबंदातल्या मुख्य व्यवस्थापकीय व्यक्तींच्या मोबदल्याच्या टिपेत (इंड एएस २४) ६ लाख लिहिले तर ते चूक, कारण तिथे कंपनीला पडलेला खर्च हवा, आणि त्यात घर व गाडीसारखे वस्तुरूप लाभही येतात.

हॉटेलात, सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये किंवा गेस्ट हाऊसमध्ये राहणाऱ्या जनरल मॅनेजरांना त्या काळाच्या पगाराच्या २४ टक्के किंवा प्रत्यक्ष आकार, जे कमी ते. बदलीच्या वेळी पहिल्या १५ दिवसांपर्यंतचा मुक्काम यात धरत नाहीत. सोळाव्या दिवसापासून मोजायला विसरतात ते मात्र बरेच.

गाडी कंपनीची, खर्च कंपनीचा, वापर काम आणि घर दोन्हीसाठी : इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिना १,८०० रुपये, त्यावर २,४०० रुपये, चालक असेल तर आणखी ९००. घर ते कार्यालय ही ये-जा लाभात धरत नाहीत. गाडी फक्त खासगी वापरासाठी दिली असेल, उदाहरणार्थ घरच्यांसाठीची दुसरी गाडी, तर हे ठोक आकडे लागू होत नाहीत. तिथे प्रत्यक्ष खर्च, चालकाचा पगार आणि गाडीच्या किमतीच्या १० टक्के झीज, सगळं मोजायचं. दोन गाड्यांना सारखीच ठोक रक्कम लावणं ही नेहमीची चूक.

आणि जुनी गाडी एमडींना विकली असेल तर? पुस्तकी किंमत बघू नका. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला उरलेल्या किमतीवर २० टक्के घट. ३० लाखांची गाडी दोन वर्षं अकरा महिन्यांनी १० लाखांना दिली तरी पूर्ण वर्षं दोनच : ३०, मग २४, मग १९.२ लाख. लाभ ९.२ लाख रुपये. हा व्यवहार स्थावर-जंगम मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये असतो, पगार विभागाला त्याचा पत्ताच नसतो.

बाकीचं थोडक्यात. चवथीच्या किंवा दिवाळीच्या वस्तुरूप भेटी वर्षभरात मिळून ५,००० रुपयांच्या आत असतील तर मूल्य शून्य, पण रोख पाकिटाला ही सूट नाही. बिनव्याजी कर्ज एकूण २०,००० रुपयांपर्यंत असेल तर लाभ धरत नाहीत. त्यावर असेल तर वर्षाच्या पहिल्या दिवशीचा स्टेट बँकेचा दर दरमहा कमाल शिल्लक रकमेवर लावायचा, आणि संचालकाला कर्ज म्हटलं की कंपनी कायद्याचं कलम १८५ आधी वाचायचं. भविष्यनिर्वाह निधी, एनपीएस आणि सुपरॅन्युएशनमधला मालकाचा हिस्सा मिळून वर्षाला साडेसात लाखांवर गेला की वरची रक्कम पर्क. लॅपटॉप आणि फोनच्या वापराला मूल्य नाही.

पायरी ३ : कंपनीनं भरलेला कर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा. ‘एमडींचा कर कंपनी भरते’ या एका वाक्यात तीन निरनिराळे व्यवहार दडलेले असतात.

पहिला : कलम १९२(१ए). वस्तुरूप पर्क्सवरचा कर कंपनी स्वतःच्या खिशातून भरू शकते, सरासरी दरानं. तो भरलेला कर कलम १०(१०सीसी) खाली एमडींच्या हाती करमुक्त असतो, म्हणून त्यावर पुन्हा कर चढत नाही. बदल्यात कंपनीला तो खर्च म्हणून वजा मिळत नाही, कलम ४०(ए)(५). ही वजावट नाकारायची नोंद कर-ऑडिटच्या कागदांत गेली का, हे लेखा विभागाला विचारा. विचारल्याशिवाय ती बहुधा जात नाही.

ही सोय फक्त वस्तुरूप सवलतींना आहे. एमडींच्या नावावरचं वीजबिल, त्यांनी भरलेल्या क्लबच्या वर्गणीची भरपाई, घरच्या नोकराला त्यांनी दिलेल्या पगाराची परतफेड, हे सगळं रोख. त्यावरचा कर कंपनीनं भरला तर तो १०(१०सीसी) मध्ये बसत नाही. तो स्वतःच एक नवीन करपात्र लाभ होतो.

दुसरा : करार ‘निव्वळ हाती’ रकमेचा असणं. परदेशातून आलेल्या अधिकाऱ्यांच्या करारात हे येतं. इथे रक्कम उलटी वाढवावी लागते, ज्याला आपण ग्रॉस-अप म्हणतो. हाती ४२ लाख द्यायचे आणि दर ३० टक्के धरला तर ४२ भागिले ०.७०, म्हणजे ६० लाख, त्यातला कर १८ लाख. नवखे लोक ४२ लाखांवर ३० टक्के काढतात, १२.६ लाख, आणि मोबदला ५४.६ लाख दाखवतात. ५.४ लाखांनी मोबदलाही कमी दिसतो आणि टीडीएसही कमी पडतो.

तिसरा : एमडींनी आधी कर भरला आणि कंपनीनं नंतर तो परत दिला. बऱ्याचदा जुलैत विवरणपत्र भरताना फरक निघतो, भरपाई ऑगस्टमध्ये होते आणि ती ‘दर व कर’ (रेट्स ॲण्ड टॅक्सेस) या खात्यात जाऊन बसते. मागच्या वर्षाचा बोर्ड अहवाल तोवर छापून झालेला असतो आणि पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही. यावर उपाय एकच : कर आणि दंडाच्या सगळ्या खात्यांत एमडींच्या पॅनवर भरलेलं एखादं चलन आहे का ते वर्षातून दोनदा शोधा, आणि करारात भरपाईचं कलम असेल तर ३१ मार्चलाच तरतूद करा.

बारा बीएच्या शेवटी कराचा तपशील असतो : पगारातून कापलेला कर एका ओळीत, मालकानं कर्मचाऱ्याच्या वतीनं भरलेला दुसऱ्या ओळीत. सगळी रक्कम पहिल्या ओळीत आणि दुसरीत शून्य असे फॉर्म खूप दिसतात. त्या शून्यामुळे पुढे बोर्डाच्या अहवालापर्यंत तो कर गायब होतो.

आता मुख्य मुद्दा. ‘करमुक्त आहे, मग मोबदल्यात कशाला दाखवायचं?’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. मान्य करू नका. कंपनी कायद्याच्या कलम २(७८) प्रमाणे मोबदला म्हणजे सेवेबद्दल दिलेले पैसे किंवा पैशासमान काहीही, आयकर कायद्यातल्या पर्क्ससह. कर्मचाऱ्याचं देणं मालकानं फेडणं हे आयकर कायद्याच्या कलम १७(२) मध्ये पर्क म्हणूनच आहे. १०(१०सीसी) त्यावरचा कर माफ करतं, त्याचं पर्कपण काढून घेत नाही.

पायरी ४ : मर्यादा आणि अहवाल

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. बंगला ३,००,०००, फर्निचर १,५०,०००, १९९८ सीसीची गाडी चालकासह ३९,६००, कंपनीच्या नावावरच्या जोडणीची वीज १,४४,०००. बेरीज ६,३३,६००. सोयीसाठी सरासरी दर ३० टक्के धरला तर कंपनीनं भरलेला कर १,९०,०८०. म्हणजे ६० लाखांच्या पगारावर ८,२३,६८० रुपये आणखी. कंपनी कायद्याच्या कलम १९८ प्रमाणे निव्वळ नफा १३ कोटी असेल तर सार्वजनिक कंपनीत एका एमडीची मर्यादा ५ टक्क्यांनी ६५ लाख. पर्क्स आणि कर विसरलात तर ६० लाख दिसतात, सगळं मर्यादेत. धरलेत तर ६८,२३,६८० आणि ३,२३,६८० जास्त. भविष्यनिर्वाह निधी मी इथे बाजूला ठेवला आहे. तो धरला तर आकडा आणखी चढतो. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ५ मधली निधी व उपदान (ग्रॅच्युइटी) वगळण्याची सवलत नफा नसतानाच्या किंवा अपुऱ्या नफ्याच्या मर्यादांसाठी लिहिलेली आहे. भरपूर नफा असताना ती डोळे झाकून लावू नका.

जास्तीची रक्कम विशेष ठरावानं आधीच मंजूर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कंपनी कायद्याच्या कलम १९७(९) प्रमाणे ती दोन वर्षांत परत करायची असते आणि तोवर एमडी ती कंपनीचे विश्वस्त म्हणून बाळगतात. वसुली सोडून द्यायची तर त्याच दोन वर्षांत विशेष ठराव लागतो.

त्याआधी नेमणुकीचा ठराव आणि त्याचं स्पष्टीकरणात्मक निवेदन समोर ठेवा. बहुतेकांत ‘सवलतींचं मूल्य आयकर नियमांप्रमाणे, नियम नसेल तिथे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ असं वाक्य असतं. कर कंपनी भरेल असं त्यात कुठे लिहिलेलं आहे का? नसेल तर कर भरण्याला भागधारकांची मंजुरीच नाही, आणि ही उणीव आकड्याच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) कंपनीत हा आकडा मग तीन-चार ठिकाणी जातो : कंपनी कायद्याच्या मोबदला-नियमांतल्या नियम ५ खालचं, एमडींच्या मोबदल्याचं कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराशी गुणोत्तर, वर्षाला १.०२ कोटी किंवा महिना ८.५ लाखांवरच्या कर्मचाऱ्यांची यादी, सेबीच्या नियमांप्रमाणे कॉर्पोरेट गव्हर्नन्स अहवालातला मोबदल्याचा तक्ता, आणि एमजीटी-७ हे कंपनीचं वार्षिक विवरण. गुणोत्तरात एमडींचे पर्क्स धरले आणि कामगारांचे सोडले, किंवा उलट, असं होऊ देऊ नका. दोन्हीकडे व्याख्या एकच हवी. एका पानाचा ताळमेळ तयार करा : बारा बीएचा आकडा, अधिक-उणे फरक कारणासह, ताळेबंदाच्या टिपेतला आकडा. ऑडिटर हाच कागद मागतात.

गोव्यापुरती एक खास गोष्ट : कलम ५ए

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून कलम ५ए खाली दोघांचं उत्पन्न निम्मं निम्मं वाटून कर लागतो. पगार या शीर्षकाखालचं उत्पन्न मात्र त्यातून वगळलं आहे. एमडींचा पगार, त्यांचे पर्क्स, बंगल्याचं मूल्य, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. पर्क्सचं मूल्य अर्धं करून बारा बीए काढलेला असेल तर तो दुरुस्तच करायला हवा. उलट, कर्मचारी नसलेल्या संचालकांच्या बैठक भत्त्यावर वाटणी लागू होते, ती त्यांच्या विवरणपत्रात. बोर्डाच्या अहवालात मात्र पूर्ण रक्कम संचालकाच्याच नावापुढे. घरात ती कशी वाटली जाते हा कंपनीच्या अहवालाचा विषय नाही.

मूळ कंपनी अमेरिकेत असेल तर

तिकडच्या बाजार नियामकाचे २००६ चे नियम वेगळ्या मापानं मोजतात. पर्क म्हणजे जे कामाशी थेट आणि अविभाज्यपणे जोडलेलं नाही ते. किंमत म्हणजे कंपनीला पडलेला वाढीव खर्च, करपात्र मूल्य नव्हे. अधिकाऱ्याचे एकूण पर्क्स १०,००० डॉलरच्या आत असतील तर ते सोडता येतात, पण कराची भरपाई त्या मर्यादेत लपत नाही, ती दाखवावीच लागते. घर ते कार्यालय प्रवास आपल्याकडे लाभ नाही, तिकडे आहे. त्यामुळे बारा बीए स्कॅन करून पाठवू नका. रजिस्टरमधला प्रत्यक्ष खर्चाचा रकाना पाठवा.

चूक सापडली तर

क्रम महत्त्वाचा. आधी कर : फरकाचा टीडीएस भरा, कापायला चुकलेल्यावर महिना १ टक्का आणि कापून न भरलेल्यावर दीड टक्का व्याजासह. मग २४ क्यूचं (पगारावरच्या टीडीएसच्या तिमाही विवरणाचं) दुरुस्ती विवरण, मग नवा फॉर्म १६ आणि बारा बीए. एमडींना लगेच लेखी कळवा, कारण त्यांचं विवरणपत्रही बदलेल. मग कलम १९७ ची मर्यादा पुन्हा काढा आणि नॉमिनेशन ॲण्ड रेम्युनरेशन समितीसमोर टिपण ठेवा. छापून गेलेला बोर्ड अहवाल बोर्डाला आपल्या मर्जीनं बदलता येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३१ खाली एनसीएलटीची (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची) परवानगी लागते, गोव्यासाठी ती मुंबई खंडपीठाची. मागच्या तीन आर्थिक वर्षांपुरतीच, आणि एका आर्थिक वर्षात एकदाच. म्हणून सगळ्या चुका शोधून झाल्यावरच अर्ज करा. पहिल्या अर्जानंतर महिनाभरात दुसरी गाडी सापडली तर त्या वर्षी पुन्हा जाता येणार नाही.